गर्भवतीची तपासणी होते, विचारपूस होत नाही

दर महिन्याच्या नऊ तारखेला देशभरातील सरकारी रुग्णालयांत गर्भवती स्त्रियांच्या रांगा लागतात. २०१६ साली सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियाना’चा हा दिवस. लखनौचे क्वीन मेरी रुग्णालय असो वा काकोरी-मलिहाबादकडील एखादे सामुदायिक आरोग्य केंद्र, क्रम ठरलेला असतो: वजन, रक्तदाब, रक्तातील लोह, लघवीची तपासणी, धनुर्वाताची लस, लोहाच्या गोळ्या. सगळ्याची नोंद माता-बाल संरक्षण कार्डावर होते आणि ते कार्ड घेऊन स्त्री घरी जाते. तिला झोप लागते का, घरात भीती वाटते का, हे मूल तिला हवे होते का, जगणे नकोसे झाले आहे का, यांपैकी काहीही विचारणे या क्रमात बसत नाही. तिच्या शरीराची तपासणी होते; तिची विचारपूस होत नाही.

या व्यवस्थेने काही साधले नाही, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. २००१-०३ या काळात उत्तर प्रदेशात दर लाख जिवंत जन्मांमागे ५१७ माता दगावत होत्या. २०१८-२० मध्ये हा आकडा १६७ वर आला. २००५ च्या जननी सुरक्षा योजनेने ग्रामीण स्त्रीच्या हाती १४०० रुपये ठेवले, ‘आशा’ कार्यकर्तीने तिला दवाखान्याचा रस्ता दाखवला आणि २०१९-२१ च्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणापर्यंत राज्यातील ८३.४ टक्के प्रसूती रुग्णालयांत होऊ लागल्या. महाराष्ट्राच्या ३३ या मातामृत्यू प्रमाणाशी तुलना केली तर अजून लांबचा पल्ला बाकी आहे. पण ज्यांनी या राज्याचा जिल्हा प्रशासनातून अनुभव घेतला आहे, त्यांना हा बदल किती कष्टाने झाला याची कल्पना आहे. प्रश्न त्यापुढचा आहे. बाळंतपणात मरणाऱ्या स्त्रिया कमी होत असताना त्याच वयाच्या स्त्रिया कशाने मरत आहेत?

याचे उत्तर सुखावणारे नाही. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये जगात आत्महत्येने मेलेल्या स्त्रियांपैकी ३६.६ टक्के भारतातील होत्या, आणि भारतातील अशा स्त्रियांपैकी ७१ टक्के १५ ते ३९ या वयोगटातील होत्या. म्हणजे लग्न, गर्भारपण, बाळंतपण आणि लहान मुलांचे संगोपन यांचेच हे वय. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२१ च्या अहवालात आत्महत्या केलेल्या स्त्रियांची संख्या ४५,०२६ आहे, आणि त्यांपैकी २३,१७८ जणींची नोंद ‘गृहिणी’ अशी आहे. त्याच वर्षी शेती क्षेत्रातील आत्महत्या १०,८८१ होत्या. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर विधिमंडळात चर्चा होते, समित्या नेमल्या जातात, मदतीची रक्कम ठरते, आणि तसे होणे योग्यच आहे. तिच्या दुपटीहून अधिक असलेल्या गृहिणींच्या आत्महत्यांवर मात्र एकही समिती नेमल्याचे ऐकिवात नाही. कारण ते ‘घरचे कारण’ असते.

उत्तर प्रदेशाच्या बाबतीत येथे एक विसंगती दिसते. देशाच्या लोकसंख्येत या राज्याचा वाटा सुमारे १७ टक्के. पण २०२१ मधील आत्महत्यांत तो अवघा ३.६ टक्के. आकड्यांवर विश्वास ठेवायचा तर येथील माणसे, आणि स्त्रियाही, देशात सर्वांत समाधानी असायला हव्यात. पण त्याच विभागाच्या दुसऱ्या अहवालात हुंडाबळींच्या संख्येत हेच राज्य पहिले असते: दरवर्षी दोन हजारांहून अधिक. लग्नानंतर सात वर्षांच्या आत सासरी अनैसर्गिक मृत्यू झालेल्या स्त्रीच्या कागदांवर अपघात लिहायचा, आत्महत्या लिहायची की हुंडाबळी, हे माहेरच्यांच्या बळावर, ठाण्यातील अधिकाऱ्यावर आणि दोन्ही घरांतील तडजोडीवर पुष्कळदा अवलंबून असते. तिन्ही रकान्यांमागचे आयुष्य बहुधा सारखेच असते. म्हणून कमी नोंद म्हणजे कमी दुःख, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये.

हे दुःख येते कुठून, याविषयी आपण अंधारात नाही. या प्रश्नावरील दोन महत्त्वाचे अभ्यास मराठी वाचकाच्या शेजारी, गोव्यात झाले. डॉ. विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी म्हापशाच्या जिल्हा रुग्णालयातील मातांचा अभ्यास करून २००२ साली दाखवले की बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के माता नैराश्याने ग्रासलेल्या होत्या. त्यांच्यातील बहुतेकींच्या मनाचा त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता, आणि निम्म्याहून अधिक जणी सहा महिन्यांनंतरही बऱ्या झालेल्या नव्हत्या. गरिबी आणि नवऱ्याशी असलेले वाईट संबंध यांच्याबरोबरच बाळाचे लिंग हाही निर्णायक घटक होता: मारहाण आणि उपासमार यांचा मनावर होणारा आघात मुलगी झाली की बदलत होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास १८ ते ५० वयाच्या सुमारे अडीच हजार स्त्रियांचा. त्यात मानसिक विकारांशी जोडलेले घटक असे आढळले: आर्थिक ओढाताण, नवऱ्याकडून होणारी लैंगिक जबरदस्ती, वैधव्य किंवा विभक्त होणे, घरातील निर्णयांत स्थान नसणे, आणि कुटुंबाचा आधार नसणे.

ही यादी पुन्हा वाचावी. हिच्यातील एकही गोष्ट औषधाच्या दुकानात मिळत नाही. यादीतील जवळजवळ प्रत्येक गोष्ट मात्र कुठल्या ना कुठल्या सरकारी खात्याच्या कक्षेत येते. ते खाते फक्त आरोग्य नाही.

त्याच संशोधनाचा आणखी एक धागा प्रशासनाने ध्यानात घ्यावा असा आहे. अंगावरून पांढरे जाणे ही आपल्याकडील स्त्रियांची नेहमीची तक्रार. गोव्यातील पाहणीत या तक्रारीचा संबंध जंतुसंसर्गापेक्षा मनावरील ताणाशी अधिक घट्ट असल्याचे दिसले. लखनौच्या जुन्या शहरातील स्त्री ‘जी घबराता है’ म्हणते. मराठी स्त्री ‘जीव घाबरा होतो’, ‘अंगात त्राण नाही’, ‘डोक्यात मुंग्या येतात’ असे सांगते. नैराश्य हा शब्द तिच्या बोलीत नाही. पण तिच्या बोलीत दुःखाला शब्द आहेत, आणि ते शरीराचे आहेत. दवाखान्यात तिला प्रतिजैविके किंवा टॉनिक मिळते, ती परत जाते आणि पुन्हा येते. ती बोलत नाही असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ती बोलत असते आणि आपण तिच्या वाक्याचा चुकीचा अर्थ लावत असतो.

लखनौपुरते पाहायचे तर या यादीचा अर्थ चिकनकारीच्या धंद्यात स्पष्ट दिसतो. २००८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली आणि २०१८ पासून ‘एक जिल्हा, एक उत्पादन’ योजनेत या जिल्ह्याची ओळख म्हणून मिरवली जाणारी ही भरतकामाची कला मुख्यतः घरात बसलेल्या स्त्रियांच्या बोटांवर उभी आहे. चौक आणि ठाकुरगंजच्या गल्ल्यांत आणि आसपासच्या गावांत कापड मध्यस्थामार्फत घरी येते आणि नगावर मजुरी ठरते. दुकानातील किंमत आणि तिच्या हातातील पैसा यांच्यात किती हात असतात, हे तिला ठाऊक नसते. पुष्कळदा तो पैसा तिच्या हातात पडतच नाही, घरातील पुरुषाच्या हातात पडतो. ती कमावते, पण कमावणारी म्हणून तिची गणना होत नाही. दिवसभर काम करते, पण घराबाहेर पडत नाही. आणि मुलाला पाजताना, स्वयंपाक उरकताना, डोळे दुखत असताना टाके घालते. घरातील निर्णयांत स्थान नसणे, या संशोधकाच्या कोरड्या शब्दप्रयोगाचा येथील अर्थ हा आहे. १९८४ साली रुना बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लखनौत ‘सेवा’ची स्थापना केली, तेव्हा त्यांचा उद्देश या कारागिरिणींना मध्यस्थाविना रोजगार आणि वाजवी मजुरी मिळवून देणे हा होता. मानसिक आरोग्य हा शब्द तेव्हा कोणी उच्चारला नसेल. पण स्वतःच्या नावे मजुरी आणि चार जणींत बसण्याची जागा, या दोन गोष्टींनी मनाला किती बळ मिळते, हे सांगायला मनोविकारतज्ज्ञाची गरज नाही.

इतिहासाच्या विद्यार्थ्याला हे सारे नवे वाटत नाही. डिसेंबर १९३२ मध्ये लखनौतून ‘अंगारे’ हा उर्दू कथासंग्रह प्रसिद्ध झाला आणि मार्च १९३३ मध्ये संयुक्त प्रांताच्या सरकारने धार्मिक भावना दुखावल्याच्या कलमाखाली त्यावर बंदी घातली. त्यातील एकमेव लेखिका रशीद जहाँ. त्या लखनौच्या इझाबेला थोबर्न महाविद्यालयात शिकल्या आणि पुढे दिल्लीच्या लेडी हार्डिंग महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. ‘पर्दे के पीछे’ या त्यांच्या नाटिकेतील स्त्री लागोपाठच्या बाळंतपणांनी खचलेली आहे आणि नवरा दुसरी बायको करील या धास्तीत जगते. एका स्त्रीरोगतज्ज्ञाने तिच्या देहाचे आणि मनाचे दुखणे वेगळे केले नाही, कारण तपासताना ते वेगळे दिसतच नव्हते. त्याच काळात मुंबईत र. धों. कर्वे १९२१ पासून संततिनियमनाचे केंद्र आणि १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवत होते. त्यांनाही खटल्यांना तोंड द्यावे लागले. स्त्रीचे बाळंतपण ही तिच्या सुखदुःखाची बाब आहे, हे म्हणणेच त्या काळी अश्लील ठरत होते.

स्वातंत्र्यानंतर राज्यसंस्थेने या विषयाला हात घातला, तो मोजणीच्या अंगाने. १९५२ साली कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू झाला. पुढे शस्त्रक्रियांची उद्दिष्टे आली. १९९६ मध्ये ती कागदोपत्री मागे घेण्यात आली आणि १९९७ मध्ये ‘प्रजनन व बाल आरोग्य’ असे नवे नाव मिळाले. तरीही पाचव्या सर्वेक्षणात उत्तर प्रदेशात स्त्रियांच्या नसबंदीचे प्रमाण १६.९ टक्के आणि पुरुषांच्या नसबंदीचे ०.१ टक्का आहे. दुसरीकडे, १९८२ चा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम आणि १९९६ चा जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हे स्वतंत्र नस्तीत, स्वतंत्र निधीतून, स्वतंत्र अधिकाऱ्याकडे चालू राहिले. जिल्हा आरोग्य समितीच्या मासिक बैठकीत एका तक्त्यात प्रसूती, लसीकरण, नसबंदी येतात. दुसऱ्या तक्त्यात, वेळ उरला तर, मानसिक आरोग्य. त्या दोन्ही तक्त्यांत एकच स्त्री असू शकते, ही शक्यता कोणत्याही तक्त्यात नाही.

आता उपायांकडे. दर लाख लोकसंख्येमागे एक मानसोपचारतज्ज्ञही नसलेल्या देशात प्रत्येक मातेला तज्ज्ञाकडे पाठवू, असे म्हणणे म्हणजे काहीच न करणे. पण तज्ज्ञाविना होऊ शकणारे काम पुष्कळ आहे, याचे पुरावे उपखंडातच आहेत. पाकिस्तानात रावळपिंडीच्या ग्रामीण भागात गावच्या आरोग्य कार्यकर्तींना साधे प्रशिक्षण देऊन नैराश्यग्रस्त मातांना घरी भेटी देण्याचा प्रयोग झाला. २००८ मध्ये ‘लॅन्सेट’ने त्याचे निष्कर्ष छापले: सहा महिन्यांनी, भेटी मिळालेल्या मातांपैकी २३ टक्के नैराश्यात होत्या, प्रशिक्षण नसलेल्या कार्यकर्तींच्या नेहमीच्याच भेटी मिळालेल्यांपैकी ५३ टक्के. झारखंड आणि ओडिशात ‘एकजुट’ संस्थेने आदिवासी गावांतील स्त्रियांचे गट चालवले. गटांत चर्चा नवजात बाळांच्या आरोग्याची होती. बालमृत्यू तर घटलेच; सर्व मातांचा एकत्रित विचार करता नैराश्यात लक्षणीय फरक पडला नाही, पण तिसऱ्या वर्षी मध्यम स्वरूपाच्या नैराश्यात ५७ टक्के घट दिसली. महाराष्ट्रात नाशिक जिल्ह्यात पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयातील केंद्राने ‘आत्मीयता’ प्रकल्प सुरू केला आणि पुढे तो गुजरातमध्ये मेहसाणा जिल्ह्यात नेला. त्यात गावातीलच प्रशिक्षित व्यक्ती खचलेल्या माणसाचे ऐकून घेते आणि त्याला सरकारी योजनांच्या लाभाशीही जोडून देते. या तिन्हींत समान सूत्र असे की मनाचा प्रश्न त्यांनी घराच्या आणि गावाच्या प्रश्नांपासून तोडला नाही.

आपल्याकडे त्यासाठी नवी यंत्रणा उभारण्याचीही गरज नाही. नवजात बाळाच्या गृहभेटींच्या कार्यक्रमात ‘आशा’ने रुग्णालयातील प्रसूतीनंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाणे अपेक्षित असते. सहा भेटी. नैराश्य सर्वाधिक संभवते तो हाच काळ. या भेटींत ती बाळाचे वजन आणि तापमान पाहते, स्तनपानाविषयी विचारते. त्यात तीन प्रश्नांची भर घालता येईल: गेल्या काही आठवड्यांत मन सतत उदास राहिले का, एरवी आवडणाऱ्या गोष्टींतला रस गेला का, आणि घरात कोणाची भीती वाटते का? पण हे तीन प्रश्न फुकट विचारले जाणार नाहीत. सहाही भेटींचे मिळून अडीचशे रुपये घेणाऱ्या ‘आशा’वर आणखी एक काम लादून मानधन तेवढेच ठेवायचे, ही आपली सवय मोडावी लागेल. तिचेही वय पुष्कळदा तेच असते आणि तिचेही घर त्याच गावात असते.

येथे एक इशारा द्यायला हवा, कारण चांगल्या हेतूने आखलेली योजना घराच्या उंबरठ्याआत गेल्यावर काय रूप घेते, याचा विचार सचिवालयात क्वचितच होतो. या प्रश्नांची उत्तरे माता-बाल संरक्षण कार्डावर लिहिली जाता कामा नयेत. ते कार्ड घरात राहते. सासू ते पाहते, नवरा ते पाहतो. ‘नैराश्य’ हा शब्द त्यावर आला की दुसऱ्या दिवशी ‘पोरीचे डोके ठिकाणावर नाही’ ही वार्ता दोन गावांत पोहोचते. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे, विशिष्ट अटींवर, घटस्फोटाचे कारण आहे, आणि त्या अटी न वाचता ते कारण वापरणारे वकील प्रत्येक जिल्हा न्यायालयाबाहेर भेटतात. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा रुग्णाची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क देतो, केवळ आजाराच्या निदानावरून कोणाला विकृतमनस्क ठरवता येणार नाही असे सांगतो, आणि आस्थापनेत दाखल मातेपासून तीन वर्षांखालील मूल सामान्यतः तोडू नये असेही सांगतो. हे हक्क ‘आशा’च्या प्रशिक्षणात पहिल्या दिवशी शिकवले पाहिजेत. रकाना हवा, पण तो तिच्या बाजूचा हवा.

दुसरा आक्षेप विचारी लोकांकडून येतो: सामाजिक अन्यायाला आजार म्हणायचे, मार खाणाऱ्या बाईला गोळ्या द्यायच्या आणि मारणाऱ्याला मोकळे सोडायचे, हा न्याय आहे का? नाही. म्हणूनच तिसरा प्रश्न पहिल्या दोन प्रश्नांइतकाच आवश्यक आहे, आणि त्याचे उत्तर ‘होय’ आले तर पुढचा रस्ता रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागापुरता राहू नये. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यातील संरक्षण अधिकारी आणि २०१५ पासूनची ‘वन स्टॉप’ केंद्रे तोपर्यंत पोहोचली पाहिजेत. उत्तर प्रदेशात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी ३४.८ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सर्वेक्षण सांगते. या कामाला स्वतंत्र माणूस आणि स्वतंत्र वाहन न देता ते इतर कामांच्या ओझ्याखालील अधिकाऱ्याकडे ‘अतिरिक्त कार्यभार’ म्हणून सोपवणे म्हणजे कायदा पुस्तकात ठेवणे होय. आणि उलट बाजूही तितकीच खरी आहे: गरिबी आणि पितृसत्ता जाईल तेव्हा दुःख जाईल, असे म्हणून आज तडफडणाऱ्या मातेचे उपचार थांबवणेही क्रूरपणाचे आहे. अन्याय कारण असला तरी आजार खराच असतो.

हा उत्तरेचा प्रश्न आहे असे समजून महाराष्ट्रातील वाचकाने निश्चिंत होऊ नये. नवऱ्याच्या हिंसेचे प्रमाण तेथे २५.२ टक्के आहे, म्हणजे चारांत एक. आणि २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी अठराव्या वर्षाआधी लग्न झालेल्यांचे प्रमाण उत्तर प्रदेशात १५.८ टक्के, तर महाराष्ट्रात २१.९ टक्के आहे. ज्या राज्यात १८६३ साली पुण्यात फुले दांपत्याने फसवल्या गेलेल्या विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले, त्या राज्याला हा आकडा शोभत नाही. त्या गृहाची कल्पना साधी होती: बाळंतपण ज्या बाईला मृत्यूकडे ढकलते, तिला आधी निवारा आणि गुप्तता द्यावी, उपदेश नंतर.

शेवटी मोजणीविषयी, कारण प्रशासन जे मोजते तेच करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये गरोदरपणातील आणि बाळंतपणानंतरच्या काळातील आत्महत्या हा थेट मातामृत्यू मानावा, असे वर्गीकरण सुचवले. आपल्या जिल्ह्यांत मातामृत्यूंचे परीक्षण होते, पण रक्तस्राव, जंतुसंसर्ग आणि झटके यांपलीकडील मृत्यू पोलिसांच्या नोंदवहीत जातो आणि आरोग्य खात्याच्या दृष्टीने तो मृत्यू घडलेलाच नसतो. बाळंतपणानंतर वर्षभरात गळफास घेतलेल्या, विहिरीत सापडलेल्या, जळालेल्या प्रत्येक स्त्रीचे प्रकरण जिल्हाधिकाऱ्यापुढील मातामृत्यू परीक्षणात आणावे, एवढा एक शासन आदेश पुरेसा आहे. त्याला निधी लागत नाही, नवे पद लागत नाही, कायदादुरुस्ती लागत नाही. तो निघाला तर बैठकीत पहिल्यांदाच कोणीतरी विचारील की या बाईच्या घरी सहा वेळा आपले माणूस गेले होते, तेव्हा ती काय सांगत होती?

(लेखक निवृत्त सनदी अधिकारी असून लखनौ येथे वास्तव्यास आहेत.)